समासातली ओळ

मुराद बलोच म्हणतो, समुद्र पूर्वी
त्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत यायचा.
मी म्हणते, काहीतरीच.
मध्ये केवढा रस्ता आहे, कठडा आहे,
पर्यटकांसाठी दगडी बाकं आहेत.
पैज लागली : हरेल त्याने
महिनाभर लबानचे पैसे द्यायचे.

म्हणून शुक्रवारी, मत्रहच्या या खोलीत,
बाहेर शेहेचाळीस अंश, काळे डोंगर तव्यासारखे,
मी राष्ट्रीय अभिलेखागारात शिरले.
चपला न काढता. ओळखपत्र न दाखवता.
फक्त मी यंत्र नाही
एवढं खूण करून सांगावं लागलं.

आधी फोटो.
एकात गलबतं, एकात तोफ,
एकात टोपीवाला कोणी साहेब, मागे चौघे.
नोंदीत साहेबाचं नाव, हुद्दा, कुत्र्याचंही नाव,
आणि चौघांच्या जागी 'इतर'.
पायरी कुठेच नव्हती.

मग जकातीच्या वह्या. आठशे बारा पानं.
दातांच्या कवळ्या घासून घासून
नजरेला बारीक बघायची सवय लागली आहे माझ्या.
पान मोठं करत गेले :
आधी ओळी, मग अक्षरं, मग अक्षरांतले खड्डे,
मग नुसता कागद,
आणि वाळवीने पाडलेली आरपार वाट,
जी पुढच्या सोळा पानांवर
त्याच जागी भेटत राहिली, शेजाऱ्यासारखी.
खजूर. सुकी लिंबं. काथ्या.
गलबत राजापूरचं; गावाचं नाव
लिहिणाऱ्याने पाच वेळा पाच तऱ्हांनी लिहिलंय.
एका पानाच्या कडेला निळ्या हातमोज्यातलं बोट,
स्कॅन करणाऱ्या कोणाचं तरी, चुकून आलेलं.
ते पाहून, का कोण जाणे, बरं वाटलं.

पान तीनशे सत्तेचाळीस.
समासात, आडवी, लेखणी न उचलता
धावत गेलेली दीड ओळ.
खाली सूचीकाराची टीप :
'लिपी अज्ञात. किंवा शाई तपासण्यासाठी
ओढलेल्या रेघोट्या.'

रेघोट्या!
मला मोडी वाचता येत नाही.
पण घरचं माणूस पाठमोरं असलं
तरी चालीवरून कळतं.
कादिरभाई सोलकरांना पाठवली,
भूमी अभिलेखातून निवृत्त, एका डोळ्यात मोतीबिंदू,
मोबाइल धरतात तोही हात लांब करून,
मोजणीच्या नकाशासारखा.
दोन दिवस काही नाही.
मग त्यांचा आवाज, खोकल्यासकट :
बाय, सोपं आहे. लिहून घे.
'उधाणाचे पाणी वखारीचे पायरीस लागले.
खोबऱ्याची पोती दोन भिजली.
दादास कळवू नये.'

सध्या रोज मुरादला लबान पाजते आहे.
तो पायरीवर बसून पितो, जिंकलेल्याचा घोट मोठा.
वखार हीच का, मला ठाऊक नाही, त्यालाही नाही.
तो म्हणतो, पायरी ती पायरी.

अभिलेखागाराने दुरुस्तीसाठी रकाना ठेवलाय.
लिपी : मोडी. भाषा : मराठी.
पाणी, पायरी, पोती, सगळं भरलं
आणि शेवटच्या तीन शब्दांपाशी थांबले.
दादा कोण? थोरला भाऊ, की धनी?
कोणी का असेना, कधीच गेला असेल.
दोन पोती खोबऱ्याचा हिशेब आता कोण मागतंय.
तरी, सांगू नये म्हणालाय माणूस.
(तुम्हाला सांगितलं ते वेगळं. तुम्ही त्याचे दादा नव्हेत.)

लिहिलं :
'पुढचे तीन शब्द लागत नाहीत.'
आणि 'पाठवा'वर बोट टेकवलं,
उघडं, हातमोज्याशिवायचं.